पाचवीचा विळा

आमच्या घरी देवघराशेजारच्या देवळीत फडक्यात गुंडाळलेला एक विळा असायचा. भाजी कापायचे विळे घरात चार होते, पण ह्याला एरवी कोणी हात लावायचा नाही. घरात बाळंतपण आलं की सुईण ह्याच विळ्यानं नाळ कापायची. पाचव्या दिवशी पाटा-वरवंट्याशेजारी ठेवून त्याची पूजा व्हायची. जवळ एक कोरा कागद आणि लेखणी, कारण सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. पूजा झाली की विळा न धुता तसाच परत फडक्यात. धुतला तर घरातल्या लेकरांचं नशीब धुऊन जातं, असं माय म्हणायची. तिला ते तिच्या सासूनं सांगितलं होतं.

मायला सात लेकरं झाली. राहिलो चार: थोरली आक्का, मग मी, मग दोन भाऊ. तिघं सातव्या-आठव्या दिवशी गेली, आणि तिघांचं दुखणं एकच. आधी बाळ दूध ओढेनासं व्हायचं, मग दातखीळ बसायची, मग अंग ताठ. सटवाईनं नेलं, असं सगळे म्हणत. पूजेत आपलंच काही चुकलं असेल, असं समजून माय पुढच्या खेपेला आणखी मन लावून पूजा करायची, आणि विळ्यावर हळदीचा आणखी एक थर चढायचा.

आम्ही बागायत करणारी माणसं. पिंपळगाव राजा आणि नांदुऱ्याच्या मधलं गाव, विहिरीवर मोट, आणि मळ्यात वांगी, मिरची, मेथी. बाबा बैलगाडीनं नांदुऱ्याच्या बाजारात माल न्यायचे. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा गावात नर्सबाई येऊ लागली. कोकणातली होती, बुटकी, काळ्या छत्रीची. दर गुरुवारी पायी यायची. आमचा ओटा गल्लीच्या मधोमध, म्हणून तिथंच बसायची. तिच्या बोलण्याला बाया पदर तोंडाला लावून हसत, पण ऐकायला मात्र येत.

ती बोलायची ते विषयच तसे होते. अंगावरचं जाणं, दिवस राहणं, बाळंतपण, आणि पाळणा लांबवणं, म्हणजे दोन लेकरांत अंतर ठेवणं. पाळण्याचा विषय निघाला की ओट्यावर आधी खसखस पिकायची आणि मग सगळ्या जणी एकदम गप्प होऊन पुढं सरकायच्या. ह्या विषयाला लग्न न झालेल्या पोरींना बंदी होती. नर्सबाईची छत्री गल्लीच्या तोंडाशी दिसली की माय मला आत पिटाळायची, मेथीच्या जुड्या बांधायला.

आता गंमत अशी, की जुड्या बांधायची जागा ओट्यालगतच्या खोलीत होती आणि त्या खोलीची खिडकी बरोबर नर्सबाईच्या डोक्यावर उघडायची. मी पंधरा वर्षांची. सातवी पास होऊन घरी बसलेली, लग्नाची बोलणी चाललेली, नाकावर राग. ज्या गोष्टी माझ्याच अंगाच्या आहेत त्या मलाच का सांगायच्या नाहीत, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. लग्न झाल्यावर आपोआप कळतं म्हणे. आक्काला काय आपोआप कळलं होतं ते मी बघत होते. म्हणून हात जुडीवर आणि कान खिडकीला. रात्र पडायच्या आत ऐकलेलं सगळं शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवायची.

आक्काला देऊळगाव राजाकडे दिलं होतं, पंधरावं सरायच्या आत. दोन वर्षांत दोन बाळंतपणं, दोन्ही आमच्या घरी, देवळीतल्या विळ्यानं. पहिलं बाळ सातव्या दिवशी गेलं, दुसरं आठव्या. दुसऱ्या खेपेला मी शेवटपर्यंत शेजारी होते. ते ताठ झालेलं एवढंसं अंग मी पाहिलं, आणि पुढं कित्येक दिवस जेवताना मला तेच दिसायचं.

तिसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात ती माहेरी आली तेव्हा हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिला पोचवायला आलेल्या चुलत सासूनं पाणी पिता पिता सांगून टाकलं, की ह्या वेळी लेकरू जगलं नाही तर आम्ही दुसरी करू, मग आम्हाला बोल लावू नका. बाबांनी मान खाली घातली. माय आत जाऊन रडली. आक्का रडली नाही. ती माझ्याजवळ बसून जुड्या बांधू लागली आणि मला म्हणाली, "दुसरी केली तं केली. पन मले हे जितं पाह्यजे."

पुढच्याच गुरुवारी नर्सबाई निघाली तशी मी गल्लीच्या टोकापर्यंत तिच्यामागं गेले आणि विचारलं, की दूध न ओढता ताठ होऊन जातात ती लेकरं कशानं जातात. तिनं छत्री मिटली. तू लहान आहेस, असं म्हणाली नाही. धनुर्वात म्हणतात त्याला, म्हणाली. नाळ कापायच्या पात्याला गंज, माती, शेण असं काही असलं, किंवा कापलेल्या नाळेवर राख-शेण लावलं, की त्यातून ते बाळाच्या अंगात जातं. पातं नवं हवं, वीस मिनिटं उकळलेलं हवं, बांधायचा दोराही उकळलेला, हात साबणानं धुतलेले, आणि नाळेवर काही म्हणजे काही लावायचं नाही. मी विचारलं, नुस्त्या उकळत्या पाण्यानं? ती म्हणाली, नुस्त्या पाण्यानं.

मी तिथं रस्त्यात उभी राहिले. डोळ्यांपुढं ते फडकं आलं, त्यावरचे हळदीचे थर आले. मला भयंकर राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना.

घरी मायला सांगितलं तर तिनं माझ्या हातातली जुडी ओढून घेतली. "तू भीताडाले कान लावून बसते?" एवढंच म्हणाली आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. नर्सबाईनं नवं ब्लेड दिलं होतं, ते तिनं परत केलं. ब्लेडनं दाढी करतात, म्हणाली, आणि पाचवीला पूजा कशाची करायची? पण मीही हट्टाला पेटले होते. रोज तेच तेच सांगायची, भाकरी करताना, पाणी भरताना, तिचे पाय चेपताना. शेवटी माय थकली. विळा तोच, पण उकळायचा, असं ठरलं. नर्सबाईला ते फारसं पसंत नव्हतं. गंज घासून काढ, लाकडी मूठ काढून टाक आणि मगच उकळ, ह्या बोलीवर तिनं मान हलवली. मी दगडानं ठोकून मूठ काढली आणि पातं विटकरीनं घासून पांढरं केलं. माय तेवढा वेळ मळ्यात जाऊन बसली. तिला ते बघवलं नाही.

एक अडचण राहिली. घरात घड्याळ नव्हतं. वीस मिनिटं मोजायची कशी? शाळेच्या भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं राहून मी बे ते तीस पाढे म्हणून पाहिले. न थांबता दोनदा म्हटले की वीस मिनिटांच्या थोडं वरच जायचं. गुरुजींना वाटलं, पोरीला पुढं शिकायचं आहे.

आक्काच्या पोटात दुखायला लागलं ते बाजाराच्या दिवशी सकाळी. बाबा नांदुऱ्याला गेले होते, भाऊ शाळेत. नर्सबाई तीन कोसांवर दुसऱ्या गावी. मी अल्युमिनियमच्या भगोन्यात पातं आणि दोरा टाकला, उकळी फुटली तसे दोनदा पाढे म्हटले आणि वर झाकण ठेवलं. सुईण आली. तिच्या हातावर पाणी घातलं, साबण दिला. तिनं तोंड वाकडं करत का होईना, हात धुतले. मग मला खोलीबाहेर काढलं. बाळंतपण चालू असताना कुवार पोरीनं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा गावाचा नियम होता आणि त्यापुढं माझं काही चाललं नाही. भगोनं मायच्या हातात देताना मी तिला दोनदा बजावलं, की झाकण कापायच्या वेळीच उघडायचं.

मी दाराच्या फटीला डोळा लावून बसले. उन्हं डोक्यावर आली तेव्हा बाळ रडलं. मोठा, खणखणीत आवाज होता. आणि मला माय दिसली. तिच्यासमोर पाट होता आणि पाटावर पातं. पदरानं ते कोरडं करून, देवघरातल्या कोयरीतली हळद बोटावर घेऊन ती त्यावर ओढत होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

दार कसं उघडलं ते मला आठवत नाही. मी आत होते, एवढं खरं. सुईण ओरडली, कुवार पोट्टी आत आली म्हणून कपाळ बडवून घेऊ लागली. मी पाटावरचं पातं उचललं. मायनं माझं मनगट धरलं आणि अगदी शांतपणे, समजूत घालावी तसं म्हणाली, "उकळला ना तुह्या मनासारखा? आता माह्या मनासारखं करू दे."

तिनं मला फसवलं नव्हतं. मनापासून तिला वाटत होतं, की उकळणं हा नर्सबाईचा एक विधी आणि हळद हा आपला. एक पोरीच्या समाधानासाठी, एक देवीच्या. दोन्ही केले की लेकरू दुप्पट सुरक्षित. एवढे दिवस मी कानीकपाळी ओरडत होते, पण ती हळद, तो पाट, तो पदर, ह्यांतूनच ते दुखणं बाळाच्या अंगात जात असेल, हे तिला शब्दांत सांगायचं मला सुचलंच नव्हतं. ती चूक माझी होती. पण चूक कोणाची हे ठरवत बसायला वेळ नव्हता.

नर्सबाईचं एक वाक्य वहीत लिहिलेलं होतं: नाळ कापायची घाई नसते. बाळ कोरड्या फडक्यात गुंडाळून आईच्या अंगावर उबेत ठेवायचं आणि थांबायचं. मी मनगट सोडवलं, खोलीच्या कोपऱ्यातल्या चुलीवर भगोन्यात नवं पाणी चढवलं, पातं आणि दोरा आत टाकला, जाळ वाढवला आणि चुलीकडे पाठ करून उभी राहिले. उकळी फुटली. मी सुरू केलं. बे एके बे, बे दुणे चार.

मोठ्यानं म्हणत होते, कारण मोठ्यानं म्हटलं की दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही. सुईण म्हणत होती, पोरगी बिघडली, नाळ तशीच ठेवून लेकरू मारते. माय म्हणत होती, बाजूला हो. मी तेरावर होते. मागून जाळाची धग लागत होती आणि नर्सबाई चुकली असेल तर, हा विचार प्रत्येक पाढ्याच्या शेवटी डोकावत होता. चुकली असती तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येणार नाही. एकोणतीसच्या पाढ्याला मी अडखळले. एकोणतीस सत्ते... पुढचं आठवेना. समोरून आक्काचा आवाज आला. बाळ छातीवर घेऊन ती निजली होती, चौथीपर्यंतच शिकलेली. "दोनशे तीन," ती म्हणाली. "थांबू नको."

मग मायकडे मान वळवून ती बोलली. "माय, दोन डाव तुह्यं आईकलं. आता येक डाव तिचं आईक."

माय खाली बसली. मी पुन्हा बेपासून सुरुवात केली. सुईणही आता अडवत नव्हती, कारण बाळ चांगलं गुलाबी होतं आणि आक्काच्या पदरात शिरून चोखू लागलं होतं. तीस दाहे तीनशे झाल्यावर मी सुईणीच्या हातावर पुन्हा साबण-पाणी घातलं आणि भगोनं तसंच तिच्यापुढं नेलं. तिनं दोरा बांधला, नाळ कापली. मग सवयीनं तिचा हात चुलीतल्या राखेच्या चिमटीकडे गेला. मी तोंड उघडायच्या आत मायनं तिचा हात धरला होता.

"राहू दे," माय म्हणाली. "काईच नको लावू."

मुलगी झाली होती.

पाचवीला मायनं विळ्याची पूजा केली. हळद, कुंकू, फुलं, सगळं. मी अडवलं नाही, कापायचं काम झालेलं होतं आणि आता हळदीनं कोणाचं वाईट होणार नव्हतं. सातव्या दिवशी घरात कोणी नीट जेवलं नाही. बाळ रडलं की आम्ही धावायचो आणि गप्प राहिलं की जास्त धावायचो. आठव्या दिवशी माय उंबऱ्यात बसून राहिली, आक्काच्या छातीकडे बघत. बाळ पीत होतं. नवव्या दिवशीही पीत होतं. दहाव्या दिवशी नाळ गळून पडली, खाली कोरडी, स्वच्छ बेंबी. आक्का तेव्हा रडली, तोंडात पदर घालून, बराच वेळ.

त्या दुपारी माय माझ्याजवळ येऊन बसली आणि जुड्या बांधू लागली. चार-पाच जुड्या झाल्यावर तिनं विचारलं, खाली बघूनच, "मंग माह्ये ते तीन. अन् आक्काचे दोन. ते बी पान्यानंच वाचले असते?"

मला प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायची खोड होती. ह्याचं उत्तरही मला माहीत होतं. इतके दिवस ती उकळायला का तयार नव्हती, तेही मला त्या क्षणी कळलं. नर्सबाईचं खरं मानलं असतं तर हा प्रश्न तिला स्वतःला विचारावा लागला असता. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात ती रीत नव्हती. मी म्हटलं, "तुले कोनी सांगतलंच नव्हतं, माय."

तिनं हातातली जुडी पुरी केली. मग उठून देवळीतला विळा काढला, चिंच आणि राख लावून घासला, त्याला मूठ बसवून आणली आणि इतर चार विळ्यांत ठेवून दिला. त्या दिवसापासून त्यानं मेथीच कापली गेली.

आक्काचा सवा महिना होत आला तेव्हा जावई बाळाला बघायला आला. हा माणूस मुळात वाईट नव्हता, फक्त घरात कोणापुढं तोंड उघडत नसे. तो आला तो नेमका गुरुवार. नर्सबाईनं त्याला ओट्यावरच बसवून घेतलं आणि सगळ्या बायांसमोर सांगितलं, की ह्या पोरीचं अंग तीन वर्षांत तीन बाळंतपणांनी रिकामं झालं आहे, आता पाळणा लांबवला नाही तर बाळही अशक्त राहील आणि आईही हातची जाईल. दिवस राहू नयेत म्हणून खामगावच्या दवाखान्यात लूप बसवून मिळते, काढायची तेव्हा काढता येते. जावई कानापर्यंत लाल झाला. घरी काकू काय म्हणेल, एवढंच पुटपुटला. त्यावर आक्का आतून बाहेर आली, बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, की घरी मी सांगते, तुम्ही फक्त नाही म्हणू नका. त्यानं बाळाकडे पाहिलं आणि मान हलवली. दुसरी करायची भाषा पुढं कोणाच्या तोंडून आली नाही. पुढच्या आठवड्यात एस.टी.नं आक्काला खामगावला घेऊन कोण गेलं, तर माय. आक्काचं दुसरं बाळ, म्हणजे जगलेल्यातलं दुसरं, तीन वर्षांनी झालं. माझं लग्नही मग अठरावं लागल्यावर झालं. माय म्हणाली, पोरीले अजून कामं आहेत.

पण मला सांगायचं आहे ते त्याच गुरुवारचं. जावई उठून मळ्याकडे गेल्यावर माय ओट्यावर उभी राहिली. चारचौघींत ती कधी बोलायची नाही. तिनं गल्लीतल्या एकेका घराकडे बघून हाका मारल्या, बायांना नव्हे, पोरींना. लग्न ठरलेल्या, न ठरलेल्या, परकरातल्या, साडीतल्या. त्यांच्या आया कुरकुरल्या. एक जण म्हणाली, ह्या वयात पोरींनी असलं ऐकायचं काय काम?

माय म्हणाली, "माह्ये तीन लेकरं सटवाईनं नाई नेले. माह्या विळ्यानं नेले. मले लग्नाच्या आधी कोनी सांगतलं असतं तं आज ते तिघं या वट्यावर बसले असते."

 सुईण तिथंच होती, तिनं पदरानं डोळे पुसले. पोरी एकेक करून येऊन बसल्या. मी सवयीनं जुड्यांची टोपली घेऊन खिडकीच्या खोलीकडे निघाले होते.

"तू कुठी चालली?" माय म्हणाली. "टोपली ठेव तिथी. पुढे येऊन बस."